नेम धरा, पण खिशाकडे बघून!

जत्रेत छर्ऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडले नाहीत असा माणूस आपल्याकडे विरळाच. त्यात २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणलं आणि माझ्या मित्रमंडळींच्या डोक्यात नवा किडा वळवळायला लागला. जिम झालं, ट्रेकिंग झालं, आता शूटिंग! बोनस हातात पडला की पहिला फोन मला. 'कुठली एअर रायफल घेऊ गं? बजेट कमी आहे.'

तर मंडळी, आधी कायद्याचं बघू. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे नळी ४.५ मिमीपर्यंत, म्हणजे .१७७ ची, आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर एअर रायफलला लायसन्स लागत नाही. दुकानात जाताना ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मात्र खिशात ठेवा. यापुढची ताकद किंवा .२२ ची नळी हवी असेल तर लायसन्स काढणं आलं. हॉबीसाठी कशाला हवा तो व्याप?

दुकानदार पहिल्यांदा काय सांगतो? 'मॅडम, सेकंदाला हजार फूट स्पीड!' इथेच बहुतेक जण फसतात. ऑलिंपिकच्या १० मीटर प्रकारातल्या रायफलीतून छर्रा सुटतो तो सेकंदाला साधारण १७० मीटरने, म्हणजे सहाशे फुटांच्याही आत. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात सोनं जिंकलं. त्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्ध्या मिलिमीटरचा! तिथे ताकद काय कामाची? दर वेळी छर्रा त्याच जागी गेला पाहिजे, एवढंच. तुमचे पैसे त्यासाठी जायला हवेत, स्पीडसाठी नाही.

बाजारात मुख्य प्रकार दोन. पहिला स्प्रिंगचा. नळी मोडायची, छर्रा भरायचा, मारायचा. देशी बनावटीची चांगली रायफल दहा-वीस हजारांच्या घरात मिळते, आणि सिलिंडर-पंप काही लागत नाही. पण आत पिस्टन धावत असल्यामुळे छर्रा नळीबाहेर पडायच्या आधीच रायफल हलते. ती घट्ट आवळून धरली तर नेम बिघडतो, सैल आणि दर वेळी सारखी धरावी लागते. दुसरा प्रकार पीसीपी, म्हणजे दाबाखालच्या हवेचा सिलिंडर असलेली. झटका जवळजवळ नाहीच. पण सिलिंडरमध्ये सुमारे २०० बार दाब भरावा लागतो. पेट्रोल पंपावरची हवा इथे चालत नाही, बॉस! हातपंप किंवा मोठा सिलिंडर, हा खर्च वेगळा धरा. जर्मन-ऑस्ट्रियन मॅच रायफली तर लाखांच्या गोष्टी. सेकंडहँड मॅच रायफल स्वस्तात मिळत असेल तर आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. स्पर्धेच्या नियमात तो जास्तीत जास्त १० वर्षं चालतो.

रायफल खांद्याला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंनी चालणारा दस्ता मागा. ट्रिगर हळूहळू दाबून बघा. खरखरत, अडखळत सुटत असेल तर दुसरी दाखवायला सांगा. मग रेंजवर १० मीटरवरून, टेबलावर टेकवून पाच छर्रे मारा. पाचही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली तर नवशिक्यासाठी रायफल झकास!

सगळं बजेट रायफलीवर उडवू नका. छर्रे, टार्गेटचे कागद आणि रेंजची फी हा दरमहाचा खर्च आहे. कागदावर मारायला सपाट डोक्याचे छर्रे घ्या, भोक स्वच्छ पडतं आणि गुण नीट मोजता येतात. छर्रे शिशाचे असतात, त्यामुळे रेंजवरून निघाल्यावर हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही!

आणि गच्चीवर प्रॅक्टिस? अजिबात नाही. भिंतीवर आपटून परत आलेला छर्रा शेजारच्याचा डोळा घेऊ शकतो. 'लायसन्स लागत नाही' म्हणजे खेळणं नव्हे. घरी रायफल रिकामी आणि कुलपात, छर्रे वेगळ्या कपाटात. भाचरं सुट्टीला येणार असतील तर हे दोनदा तपासा.

शेवटचा सल्ला, आणि तोच सगळ्यात स्वस्त. महिना-दोन महिने रायफल घेऊच नका. पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, शिवाय बऱ्याच शहरांत छोट्या रेंज आहेत. क्लबची रायफल वापरायला मिळते का विचारा आणि कोचसमोर उभे राहा. दोन महिन्यांनीही शनिवारी सकाळी अंथरुणातून उठून रेंजवर जावंसं वाटलं, तर खुशाल पाकीट उघडा. नाही वाटलं तर वीस हजार वाचले, आणि घरच्या माळ्यावर पडून राहणाऱ्या गिटार आणि ट्रेडमिलच्या यादीत एकाची भर पडली नाही.