एआय तुमच्या फाइल्स हलवतोय, तुम्ही बघताय का? टर्मिनलमधल्या फाइल मॅनेजरची गोष्ट

जुलै २०२५ मध्ये विंडोजवर गूगलचं जेमिनी सीएलआय वापरून बघणाऱ्या एकाने त्याला अगदी साधं काम सांगितलं: या फोल्डरमधलं सगळं एका नव्या फोल्डरमध्ये हलव. एआयने नवा फोल्डर बनवायची कमांड दिली. ती फसली. पण फसली हे त्याच्या लक्षातच आलं नाही आणि तो एकेक फाइल हलवत सुटला. आता विंडोजची गंमत अशी, की जो फोल्डर अस्तित्वातच नाही तिथे फाइल हलवायला सांगितली, तर विंडोज ते फाइलचं नवं नाव समजतं. पहिल्या फाइलला ते नाव मिळालं. दुसरी तिच्यावर जाऊन बसली, तिसरी दुसरीवर. शेवटी उरली फक्त शेवटची फाइल. त्या माणसाने नंतर हा सगळा प्रकार स्वतः जाहीरपणे मांडला. एआयने भरपूर माफी मागितली होती, फाइल्स मात्र गेल्या त्या गेल्याच.

तेव्हा सगळी चर्चा झाली ती एआय किती बावळट आहे यावर. मला दुसराच प्रश्न पडला. हे घडत असताना समोर बसलेल्या माणसाला ते दिसलं का नाही?

उत्तर सोपं आहे. टर्मिनलमध्ये फोल्डर दिसतच नाही. दिसतात फक्त कमांड्स आणि त्यांची उत्तरं. कुठल्या फोल्डरमध्ये आहोत, त्यात काय काय आहे, हलवलेली फाइल खरंच पोचली का, हे सगळं विचारावं लागतं. विचारलं नाही तर टर्मिनल गप्प बसतो. जुन्या लोकांना याची सवय असते, ते दर दोन मिनिटांनी आपसूक ‘एलएस’ मारतात. नव्या माणसाला हे कोण सांगणार?

आणि सध्या टर्मिनलमध्ये नव्या माणसांची नुसती रांग लागली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिकचं क्लॉड कोड आलं, एप्रिलमध्ये ओपनएआयचं कोडेक्स सीएलआय, जूनमध्ये जेमिनी सीएलआय. पाच महिन्यांत तीन मोठ्या कंपन्यांनी आपापला एआय एजंट आणला आणि तिघांनीही त्याला बसवला तो टर्मिनलमध्ये. कारण तिथे सगळं मजकुरात चालतं आणि एआयला मजकूरच सगळ्यात चांगला कळतो. त्यामुळे ज्यांनी आयुष्यात कधी ती काळी खिडकी उघडली नव्हती, तेही आता ती उघडून ‘माझे पीडीएफ नीट लाव’ असं लिहितायत. काम होतंही बऱ्याचदा. पण काय झालं, हे त्यांना एआयच सांगतो. म्हणजे चोरीचा पंचनामा चोरानेच लिहायचा, तसं.

त्यात आपली पिढी फोनवर वाढलेली. सप्टेंबर २०२१ मध्ये द व्हर्जने एक लेख छापला होता, तो तेव्हा बराच गाजला. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं होतं, की विज्ञान-इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना ‘फाइल कुठे सेव्ह केलीस?’ हा प्रश्नच कळत नाही. फोल्डरच्या आत फोल्डर ही कल्पनाच त्यांच्या डोक्यात नव्हती. सगळं एका मोठ्या पिशवीत आणि लागलं की सर्च. मला यात त्या मुलांना हसण्यासारखं काही वाटत नाही. आयफोनवर साधं ‘फाइल्स’ ॲप यायलाच २०१७ उजाडलं. अँड्रॉइडमध्ये ते आधीपासून होतं, पण उघडलं की समोर येतं ‘इमेजेस’, ‘व्हिडिओज’, ‘डॉक्युमेंट्स’. खरे फोल्डर कुठेतरी तळाला. जे कधी दाखवलंच नाही, ते माहीत कसं असणार?

गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीचा रात्री साडेदहाला फोन आला. इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनसाठी कागदपत्रं अपलोड करायचा शेवटचा दिवस, आणि नॉन-क्रीमी लेअरचं सर्टिफिकेट सापडत नव्हतं. ‘दादा, काढलंय रे मी, व्हॉट्सॲपवर आलं होतं, मग मी ते डाउनलोड केलं, मग कुठे गेलं माहीत नाही.’ तिच्या डाउनलोड्समध्ये हजारभर फाइल्स होत्या आणि त्यातल्या निम्म्यांचं नाव ‘डॉक’ आणि पुढे आकडे. सर्च करणार काय? नाव माहीत असेल तर सर्च. शेवटी तारखेने लावून, एकेक पीडीएफ उघडून, अकरा वाजून चाळीस मिनिटांनी ते सापडलं. मामी मागून ‘झालं का, झालं का’ करत होती ते वेगळंच.

पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो, तिचा सगळा पसारा लॅपटॉपवर घेतला आणि तिला याझी उघडून दिलं.

याझी हा टर्मिनलमध्ये चालणारा फाइल मॅनेजर आहे. याझी म्हणजे चिनी भाषेत बदक. रस्ट भाषेत लिहिलेला, फुकट, ओपन सोर्स, २०२३ पासून लोकांसमोर आहे. असे बरेच आहेत: रेंजर, एलएफ, एनएनएन. आणि ही काही नवी फॅशन नाही. डॉसच्या काळात, १९८६ मध्ये नॉर्टन कमांडर आलं होतं, दोन निळे रकाने शेजारी शेजारी. त्याच धर्तीवर १९९४ मध्ये मिडनाइट कमांडर सुरू झालं, ते लिनक्सवर आजही मिळतं. मधल्या काळात माउस आला, सगळे तिकडे गेले.

याझी किंवा रेंजर उघडलं की पडद्यावर तीन रकाने दिसतात. मधल्या रकान्यात तुम्ही आत्ता ज्या फोल्डरमध्ये आहात तो. डावीकडे त्याच्या बाहेरचा, म्हणजे जिथून आलात तो. उजवीकडे, ज्या नावावर कर्सर आहे त्याच्या आत काय आहे ते. फोल्डर असेल तर आतली यादी, मजकूर असेल तर मजकूर, आणि टर्मिनलची तेवढी क्षमता असेल तर फोटोसुद्धा. बस, एवढंच. पण यात एक मोठी गोष्ट होते: आपण कुठून आलो, कुठे आहोत आणि पुढे काय आहे, हे तिन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर राहतं. फोल्डरची कल्पना कुणाला शिकवायची असेल तर मला याच्याइतकं चांगलं चित्र माहीत नाही. माझ्या मामेबहिणीला मी काही समजावलं नाही. पाच मिनिटं तिने आत-बाहेर केलं आणि म्हणाली, ‘अच्छा, म्हणजे हे घरासारखं आहे, खोलीत खोली.’

फिरायला बाणांची बटणं चालतात. पण लोक वापरतात एच, जे, के, एल: डावीकडे, खाली, वर, उजवीकडे. ही विचित्र निवड कुठून आली? बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला व्हीआय हा एडिटर लिहिला तेव्हा त्याच्याकडे एडीएम-३ए नावाचं टर्मिनल होतं. त्या कीबोर्डवर वेगळी बाणांची बटणं नव्हतीच. बाण याच चार अक्षरांवर छापलेले होते. पन्नास वर्षांपूर्वीच्या एका कीबोर्डमुळे जगभरचे प्रोग्रामर अजून जे दाबून खाली जातात.

बाकी बटणं थोडीच लक्षात ठेवायची. याझीत स्पेसने फाइल निवडायची, वायने कॉपी, एक्सने कट, पीने पेस्ट. डीने फाइल ट्रॅशमध्ये जाते. कॅपिटल डीने कायमची जाते, तेव्हा शिफ्टवर बोट असताना जरा जपून. एनएनएनमध्ये मात्र डिलीट म्हणजे थेट डिलीट, ट्रॅश हवं असेल तर ते वेगळं सेट करावं लागतं. हे आधी सांगितलेलं बरं. कॉलेजात असताना मी कमांडमध्ये चांदणीच्या आधी चुकून एक स्पेस देऊन प्रोजेक्टचा अख्खा फोल्डर उडवलेला आहे, तेव्हापासून मला या गोष्टीची धास्ती आहे.

तशी चूक फाइल मॅनेजरमध्ये होणं अवघड असतं, कारण तिथे नाव टाइप करावं लागत नाही. कमांडमध्ये ‘माझा फोटो’ असं मधे स्पेस असलेलं नाव अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं, की टर्मिनल त्याला दोन वेगळ्या फाइल्स समजतो. इथे तुम्ही समोर दिसणाऱ्या वस्तूवर बोट ठेवता, विषय संपला.

पण मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. दहा-बारा फाइल्स निवडायच्या आणि आर दाबायचं. सगळी नावं एका टेक्स्ट फाइलसारखी एडिटरमध्ये उघडतात, एका ओळीवर एक नाव. तिथे हवं ते बदला, सेव्ह करून बाहेर पडा. बदललेली नावं एकदा दाखवून याझी विचारतो, करू का? हो म्हटलं की सगळ्यांची नावं एकदम बदलतात. आम्ही त्या दिवशी तिच्या कागदपत्रांना ‘दहावी-मार्कशीट’, ‘डोमिसाइल’, ‘जातवैधता’ अशी नावं दिली. पुढचे राउंड तिने एकटीने भरले.

आता पुन्हा एआयकडे. मी रोज ऑफिसात एजंट वापरतो, त्याच्या विरोधात मी नाही. फक्त टर्मिनलचे दोन भाग करतो. एका बाजूला एजंट, दुसऱ्या बाजूला त्याच फोल्डरमध्ये याझी. फोल्डरमध्ये काही बदललं की याझीतली यादी आपोआप बदलते. नवा फोल्डर बनवला असं एजंट म्हणाला आणि शेजारी तो दिसत नसेल, तर तिथेच थांबवायचं. जुलैच्या त्या प्रकरणात फाइल्सची यादी एकेक करून आखडत गेलेली दिसली असती, दोन-तीन गेल्यावर तरी हात कंट्रोल-सीकडे गेला असता. अर्थात, याझी एजंटला अडवत नाही, ते फक्त खिडकीचा पडदा बाजूला करतं. त्यामुळे महत्त्वाच्या फोल्डरची कॉपी आधी काढून ठेवायची, कोड असेल तर गिटमध्ये कमिट करायचं. त्याला पर्याय नाही.

लॅपटॉप नसेल तर? अँड्रॉइडवर टर्मक्स आहे. त्यात पीकेजी कमांडने एनएनएन इन्स्टॉल होतं, आणि टर्मक्स-सेटअप-स्टोरेज ही कमांड एकदा चालवून परवानगी दिली की तुमचे डाउनलोड्स, फोटो सगळं तिथून दिसतं. कीबोर्डच्या वर बाणांची आणि एस्केपची एक पट्टीही मिळते. टर्मक्स लोक घेतात ते मुख्यतः एफ-ड्रॉइडवरून, कारण प्ले स्टोअरच्या नियमांशी त्याचं जमलं नाही आणि तिथलं अपडेट २०२० नंतर बराच काळ बंद होतं. आणि इथेच एक बातमी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या डेव्हलपरने गूगलकडे आपली ओळख नोंदवलेली नाही, त्याचं ॲप प्रमाणित अँड्रॉइड फोनवर नेहमीच्या पद्धतीने टाकता येणार नाही, असा नियम गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केला. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र. याने आमचं कामच बंद पडेल, असं एफ-ड्रॉइडने तेव्हाच म्हटलं. नोव्हेंबरमध्ये गूगलने जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं सांगितलं. ती वाट किती सरळ असेल यावर बरंच अवलंबून आहे. गंमत म्हणजे याच गूगलने मार्च २०२५ मध्ये पिक्सेल फोनवर स्वतःचं लिनक्स टर्मिनल दिलं. म्हणजे टर्मिनलला ना नाही, पण ते कुणाच्या दारातून यावं, हा प्रश्न आहे.

आपल्यासाठी दोन खास अडचणी आहेत, त्या लपवत नाही. टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक ठरावीक चौकोन देतो. काना, मात्रा, जोडाक्षरं त्या चौकोनात बसत नाहीत. म्हणून देवनागरी नावं बऱ्याच टर्मिनलमध्ये तुटलेली, एकमेकांवर चढलेली दिसतात. फाइल बिघडलेली नसते, दिसायलाच तशी असते. आणि दुसरं, मराठी कीबोर्ड चालू राहिला तर एकही बटण काम करत नाही, कारण जे दाबल्यावर टर्मिनलला भलतंच अक्षर मिळतं. पहिल्या दिवशी माझी मामेबहीण ‘दादा, हे अडकलं’ म्हणून ओरडली ते यामुळेच. भाषा बदला, मग बाहेर पडायला क्यू दाबा.