तात्या विंचूच्या शेजारी कोण?

(द्वितीय वर्ष, कला)

देशापुढे प्रश्न पुष्कळ आहेत. त्यांची यादी याच अंकात इतरत्र विद्वान लेखकांनी दिलेली असेलच. परंतु सकाळच्या दिवा-रोहा गाडीने पेणहून कॉलेजला येणाऱ्या आमच्या कंपूपुढे सध्या एकच प्रश्न आहे. 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागात तात्या विंचूच्या जोडीला आणखी कोणते बाहुले असावेत?

महेश कोठारे यांनी २०२४ साली तिसऱ्या भागाची घोषणा केली, तेव्हापासून हा वाद सुरू आहे. पेणला गाडीत पाय ठेवला की त्याला तोंड फुटते, कासूला पक्ष पडतात, नागोठण्याला आवाज चढतात, निडीला कोणीतरी रुसते, आणि रोह्याला उतरताना सगळे मिळून 'आज डब्यात काय?' या विषयाकडे वळतात. मीही या वादात हिरिरीने भाग घेते. फरक इतकाच, की इतरांना तो करमणुकीचा वाटतो आणि मला हळूहळू तसा वाटेनासा झाला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्राध्यापकवर्गापैकी ज्यांनी हा चित्रपट पाहिला नसेल (किंवा पाहिला असून कबूल करायचा नसेल) त्यांच्यासाठी थोडक्यात कथा सांगते. 'झपाटलेला' १९९३ साली आला. तात्या विंचू हा एक नामचीन गुंड. त्याला एका बाबाकडून मंत्र मिळतो. पोलिसांची गोळी लागून मरता मरता तो मंत्र म्हणतो आणि त्याचा आत्मा जवळच्या बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या हाती. लक्ष्या म्हणजे अर्थातच लक्ष्मीकांत बेर्डे. आता तात्याला बाहुल्यातून सुटायचे असेल तर ज्याला त्याने आपले गुपित प्रथम सांगितले त्याच्याच देहात शिरले पाहिजे. म्हणजे लक्ष्याच्या! पुढचे सगळे हसणे आणि घाबरणे या एका गोष्टीवर उभे आहे. तात्याचे काम दिलीप प्रभावळकरांचे, बाहुला रामदास पाध्ये यांचा. दुसरा भाग २०१३ साली थ्री-डीमध्ये आला. १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' या इंग्रजी चित्रपटातला चकी हा तात्याचा थोरला भाऊ म्हणायला हरकत नाही. पण तात्या इतका मराठी बोलतो, की नातेवाईक परदेशात असतात हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

तर उमेदवारांकडे वळू. पहिली उमेदवार तात्याची बायको. चकीला १९९८ साली बायको मिळाली, २००४ साली मूलही झाले, मग आमच्या तात्यानेच काय घोडे मारले आहे, असा या पक्षाचा सवाल. यात मुलगेच अधिक आहेत. आम्हा मुलींचे म्हणणे असे, की ती बाहुली केवळ तात्यावर खेकसायला आणि साडी सावरायला येणार असेल तर नकोच. तिला स्वतःचा मंत्र देणार असाल तर आमची मते तुम्हाला.

दुसरा उमेदवार कवट्या महाकाळ. हा मूळचा 'धडाकेबाज' या १९९० सालच्या चित्रपटातला खलनायक. त्याला बाहुल्याच्या आकाराचा करून तात्याशी झुंजवावे अशी मागणी आहे. मला ती पटत नाही. ज्याचा दरारा मुखवट्याचा आणि धिप्पाड अंगाचा, तो हातभर झाला की उरले काय?

तिसरा उमेदवार ससा! लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला तो हसणारा ससाही पाध्ये यांचाच. त्याला उभा केला आहे आमच्या एका मित्राने. त्याच्या घरी पापड लाटले जातात आणि पेण हे पापडांचे गाव आहे, त्यामुळे यात शुद्ध कलाप्रेम किती आणि घरचा धंदा किती हे सांगणे अवघड आहे. तरी कल्पना वाईट नाही. तात्या सुरा घेऊन धावतो आहे आणि समोर ससा नुसताच हसतो आहे, हे दृश्य मी दोनदा तरी बघेन.

माझे स्वतःचे मत अर्धवटरावांना. खरे तर त्यांना 'उमेदवार' म्हणायलाही संकोच वाटतो, कारण वयाने ते आपल्या सर्वांचे पणजोबा शोभतील. यशवंत पाध्ये यांनी घडवलेल्या या बोलक्या बाहुल्याने शंभरी केव्हाच ओलांडली आहे. यशवंतरावांमागून ते रामदास पाध्ये यांच्या हाती आले, आणि आता त्यांचे चिरंजीव सत्यजित हेही तीच कला पुढे चालवीत आहेत. म्हणजे अर्धवटराव आणि तात्या विंचू एकाच घरातले. एक घरंदाज, एक वाया गेलेला! तात्याने भररात्री अर्धवटरावांना गाठावे, त्यांच्या देहात शिरण्यासाठी मंत्र म्हणावा आणि मंत्र फुकट जावा. कारण काय? तर त्यांच्या आत अगोदरच एक हात आहे, जागा शिल्लक नाही. हा प्रसंग मी गाडीत सांगितला तेव्हा सशाच्या पक्षानेही टाळ्या वाजवल्या. मत मात्र एकानेही दिले नाही.

इथवर सारे ठीक होते. मग एके दिवशी पाचवा उमेदवार आला, आणि तो बाहुला नव्हता.

या तिसऱ्या भागात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने लक्ष्मीकांत बेर्डे यांना पुन्हा पडद्यावर आणण्याची चर्चा वृत्तपत्रांतून आली. आमच्या डब्यात एकच जल्लोष झाला. सशाचे, बायकोचे, कवट्याचे, सर्वांचे मतदार तिकडे धावले. त्यांचा उत्साह मी समजू शकते. लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी गेले. आमच्यापैकी एकाचाही तोवर जन्म झालेला नव्हता. आम्ही त्यांना ओळखतो ते रविवारी दुपारच्या टीव्हीवरून. ज्या माणसाला आपण कधी गमावलेच नाही त्याची आठवण यावी, असे त्यांच्याबाबतीत होते खरे. तरीही मी त्या दिवशी हात वर केला नाही. का केला नाही हे मला तेव्हा गाडीत नीट सांगता आले नाही. त्यासाठी जरा घरची गोष्ट सांगावी लागेल.

आमचा पेणला गणपतीचा लहानसा कारखाना आहे. पेणच्या माणसाला 'गणपतीचा कारखाना' या शब्दांत काहीच वावगे वाटत नाही. बाहेरगावचे पाहुणे मात्र हसतात. आजोबा, म्हणजे अण्णा, चाळीस वर्षांहून अधिक काळ आखणी करीत आले. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणे. साचा कोणीही भरील, पॉलिश पेपर कोणीही मारील, पितांबर रंगवायला शाळेतली मुलेसुद्धा बसतात. पण आखणीला एकच माणूस. तो बसला की कारखान्यात रेडिओ बंद.

चाहत्यांच्या मागण्या आम्हाला नव्या नाहीत. 'बाहुबली' आला त्याच्या पुढच्याच हंगामात मंडळांची मुले मोबाईलवर फोटो घेऊन दारात उभी राहिली. खांद्यावर पिंड घेतलेला गणपती हवा. पुढे 'पुष्पा'चा हंगाम आला, तेव्हा हनुवटीखालून हात फिरवणारा हवा. वडील चिडत. अण्णा कधी चिडले नाहीत. ते म्हणत, "अंग तुमच्या बाहुबलीचं घ्या. डोळे गणपतीचे राहतील." आणि खरोखरच तसे होई. दंड पिळदार, छाती रुंद आणि वर तीच शांत, अर्धवट मिटलेली नजर. मंडळाची मुले समोर आली की आपोआप चपला काढीत. गिऱ्हाइकाने मागावे, पण कुठवर द्यायचे हे करणाऱ्याने ठरवावे, हे मी अण्णांकडून शिकले. चित्रपटाच्या चाहत्यांनाही मी हेच म्हणेन. मागा, खुशाल मागा. पण तुम्ही मागितलेले जसेच्या तसे हाती आले तर तुमचाच विरस होईल.

तीन वर्षांपूर्वी अण्णांचा हात कापू लागला. कंपवात. आषाढात ध्यानात आले आणि श्रावणात त्यांनी कुंचला खाली ठेवला. आखणी माझ्याकडे आली. घरात बारीक कामाला हात स्थिर तेवढा माझाच होता. आमच्याकडे जुनी गिऱ्हाइके हंगामाच्या सुरुवातीला घरचा पाट आणून देतात, त्यावर त्यांची मूर्ती बसते. त्या वर्षी मूर्ती न्यायला आलेल्या एका गृहस्थांनी पाहताक्षणीच विचारले, "डोळा बदलला का हो?" पुढच्या हंगामात अकरा घरांचे पाट आमच्याकडे आले नाहीत.

तेव्हा माझ्या चुलतभावाने उपाय सुचवला. अण्णांनी काढलेल्या डोळ्यांचे फोटो घरात ढीगभर आहेत. ते संगणकावर नीट करून छापायचे आणि मूर्तीवर चिकटवायचे. गिऱ्हाइकाला डोळा अण्णांचाच मिळेल. कल्पना हुशारीची होती, आणि खरे सांगायचे तर मलाही ती सोयीची वाटली; माझ्या डोक्यावरचे ओझे उतरणार होते. अण्णांनी सगळे ऐकून घेतले. मग शेजारी ठेवलेल्या एकाच साच्यातल्या दोन मूर्ती मला पाहायला सांगितल्या. म्हणाले, "या दोघींचे चेहरे एक आहेत का बघ. हिची कपाळपट्टी घासताना जरा जास्त गेलीये. हिचा गाल भरलाय. मी डोळा काढतो तो समोरचा चेहरा बघून काढतो. गेल्या सालच्या गणपतीसाठी काढलेला डोळा या सालच्याला लावशील, तर तो बघेल कुठं?"

तो बघेल कुठे! गाडीत मला जे सांगता येत नव्हते ते हेच होते.

लक्ष्याचे डोळे मोठे होत, तोंड उघडे राही, हात लटपटत, ते समोरच्या तात्याला पाहून. समोर महेश आहे की तात्या आहे, यावर त्यांची घाबरण्याची जात बदलत असे. संगणक त्यांचे शेकडो चेहरे गोळा करील आणि त्यांतून एक चेहरा बनवील. तो घाबरेलही. पण कोणाला? आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे, तात्या विंचूची धडपड कशासाठी होती? लक्ष्याच्या देहात दुसऱ्याचा आत्मा शिरावा यासाठीच ना? ते होऊ नये म्हणून चित्रपटगृहात आपले आईवडील श्वास रोखून बसले होते. शेवटी तात्याच्या दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागली तेव्हा त्यांनी शिट्ट्या मारल्या त्या लक्ष्याचा देह लक्ष्याकडेच राहिला म्हणून. आता तिसऱ्या भागात आपणच तिकीट काढून तात्याचे काम पुरे करायचे?

यावर आमच्यातल्या एका इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकाने मला गाठले. त्याने दाखला दिला 'टॉय स्टोरी'चा. त्यातल्या स्प्रिंगच्या कुत्र्याला, स्लिंकीला, जिम वार्नी यांचा आवाज होता. ते २००० साली वारले. २०१० च्या तिसऱ्या भागात त्यांचे मित्र ब्लेक क्लार्क यांनी आवाज दिला. इथवर दाखला माझ्याच बाजूचा झाला. पण पुढे ऐका. बटाट्याच्या बाहुल्याचा आवाज डॉन रिकल्स यांचा. ते चौथ्या भागाचे ध्वनिमुद्रण करण्याआधीच २०१७ साली गेले. तेव्हा घरच्यांच्या संमतीने त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून वाक्ये वेचून २०१९ च्या चित्रपटात वापरली. "मग हे काय तुझ्या स्टिकरहून वेगळे आहे?" त्याने विचारले.

प्रश्न अडचणीचा होता, हे मान्य करते. नागोठणे ते निडी मी गप्प होते. वेगळे इतकेच, की ती वाक्ये रिकल्स यांनी स्वतः उच्चारलेली होती; त्यांच्या तोंडी कोणी नवे घातले नव्हते. शिवाय तो बाहुला होता. बाहुल्याला आवाज बाहेरूनच यायचा असतो. अर्धवटरावांमागे आज वडील, उद्या मुलगा उभा राहिला तरी अर्धवटराव तेच राहतात; किंबहुना हात बदलत राहिले म्हणूनच ते शंभर वर्षे टिकले. माणसाचे तसे नाही. लक्ष्याच्या जागी त्यांचे चिरंजीव अभिनय बेर्डे यांना उभे करा. लोक तुलना करतील, नाके मुरडतील, माझे अकरा पाट गेले तसे त्यांचेही काही प्रेक्षक जातील. पण समोरच्या बाहुल्याकडे पाहून जो घाबरेल तो खराखुरा घाबरेल. माझ्या मित्राला हे पूर्ण पटलेले नाही. मलाही रिकल्स यांच्याबाबतीत अजून शंका आहे.

अकरांपैकी चार पाट गेल्या वर्षी परत आले. त्यांतले एक गृहस्थ तेच, डोळा बदलला का असे विचारणारे. या वेळी त्यांनी मूर्ती उचलली आणि काही न बोलता निघून गेले.

अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर मतमोजणी चालू आहे. आजमितीस लक्ष्याला सहा, बायकोला चार, सशाला तीन, कवट्याला दोन आणि अर्धवटरावांना एक अशी मते आहेत. गेल्या रविवारी टीव्हीवर पुन्हा 'झपाटलेला' लागला होता. अण्णांनी तो शेवटपर्यंत पाहिला, तात्याच्या भुवया काढणाऱ्याच्या हाताची तारीफ केली आणि आपले मत अर्धवटरावांना म्हणून सांगितले. मी दुसऱ्या दिवशी ते वहीत लिहू लागताच सशाच्या पक्षाने हरकत घेतली, की अण्णा गाडीचे पासधारक नाहीत. हा वाद अद्याप मिटलेला नाही.