शेअर बाजार चालू, आठवडी बाजार बंद

कोरोनाच्या साथीत राज्य सरकारने १३ एप्रिल २०२१ रोजी 'ब्रेक द चेन'चा जो आदेश काढला, त्यातली अत्यावश्यक सेवांची यादी आज पुन्हा उघडून वाचावी. दवाखाने, औषधे, किराणा, दूध, भाजीपाला, शेतीची कामे हे सगळे त्यात होते आणि असायलाच हवे होते. त्याच यादीत रिझर्व्ह बँक, सेबी, शेअर बाजार, डेटा सेंटर आणि अत्यावश्यक मालापुरते ई-कॉमर्सही होते. आठवडी बाजार मात्र नव्हता. आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथच्या देवळाच्या वाटेवर बेल, फुले, नारळ, कुंकू, लाकडी खेळणी विकणाऱ्यांना त्यात कोणी पाहिले नव्हते. चपला शिवणारा नव्हता, कल्हई लावणारा नव्हता. आदेशाची भाषा साफ होती. ज्याचा उल्लेख आहे ते चालेल, बाकी सगळे बंद.

साथ खरी होती आणि निर्बंधही लागणारच होते, यावर आमचा वाद नाही. एप्रिल-मे २०२१ मध्ये ऑक्सिजनच्या एका सिलिंडरसाठी हिंगोली, परभणी, नांदेडच्या रस्त्यांवर नातेवाइकांची जी धावपळ झाली, ती पाहिलेला कोणीही 'लॉकडाऊन म्हणजे थोतांड' म्हणण्याचे धाडस करणार नाही. आमचा आक्षेप यादीच्या घडणीवर आहे. एरवी नागरिकाला जे कायद्याने मना केलेले नाही ते करण्याची मोकळीक असते. टाळेबंदीने हे उलटे केले. सरकारने नाव घेऊन परवानगी दिली तरच तुमचा धंदा धंदा, नाही तर गुन्हा. अशी यादी मंत्रालयात बसून लिहिली की लिहिणाऱ्याला जी दुनिया ओळखीची, तीच तिच्यात उमटते. शेअर बाजार त्याच्या नजरेसमोर असतो. बेलाच्या पाट्या नसतात.

गंमत म्हणजे ही चूक दिल्लीने एकदा सुधारली होती. २४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता देशबंदी जाहीर झाली आणि दुसऱ्या दिवशीपासून २१ दिवस सगळे ठप्प झाले. शेतीच्या कामांना आणि बाजार समित्यांना सूट देण्याची आठवण केंद्रीय गृह मंत्रालयाला २७ मार्चला झाली, तीही पुरवणी काढून. मार्चअखेर म्हणजे आमच्याकडे हळदीचे दिवस. वसमत, औंढा, कळमनुरी भागात हळद काढून कुकरमध्ये शिजवायची, अंगणात-शेतात दहा-पंधरा दिवस वाळवायची, पॉलिश करून पोती भरायची. शिजवायला लागणारी टोळी गावोगाव फिरते, डिझेल लागते, ताडपत्री लागते. यातले शेतीचे काम कोणते आणि प्रवासबंदीत मोडणारे कोणते, हे नाक्यावरच्या हवालदाराने ठरवायचे. पुढे चौथ्या टाळेबंदीसाठी १७ मे रोजी निघालेल्या आदेशात केंद्राने पद्धत पालटली. जे स्पष्टपणे मना केले आहे ते सोडून सर्व व्यवहारांना परवानगी, असे त्यात म्हटले होते. शहाणपण सुचायला दोन महिने लागले, पण सुचले. आणि पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने ते बाजूला ठेवून पुन्हा परवानगीची यादी काढली.

एकेक तारीख शेजारी-शेजारी मांडली की यादी कोणाच्या डोळ्यांनी लिहिली गेली हे आपोआप दिसते. दारूची दुकाने मे २०२०च्या सुरुवातीला उघडू लागली. सलून २८ जूनला उघडली, तीही अशी की केस कापायला मुभा, दाढीला मनाई. मॉल ५ ऑगस्टला उघडले. हॉटेल-बार ५ ऑक्टोबरला. गावचा आठवडी बाजार, जनावरांच्या बाजारासह, उघडला ऑक्टोबरच्या मध्यात. चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित मॉल आधी आणि आभाळाखाली, वाऱ्यावर भरणारा बाजार त्यानंतर दोन महिन्यांहून अधिक काळाने. हा विषाणू कोंदट हवेत जास्त पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेने आडवळणे सोडून मान्य केले ते २०२१च्या एप्रिलअखेर. तोपर्यंतचे अज्ञान आम्ही समजून घेऊ. पण माळावर, चार हात अंतराने पोते अंथरून बसलेल्या वांगीवालीपेक्षा बंद काचेआडचे दुकान सुरक्षित, हे ठरवायला कोणत्या विज्ञानाचा आधार होता? आमच्या मते तो विज्ञानाचा निर्णय नव्हता. मॉलवाल्यांची संघटना मंत्र्याला भेटू शकते, वांगीवालीची भेटू शकत नाही.

आता औंढ्याच्या देवळाचे उदाहरण घेऊ, कारण तिथे ही गोष्ट अगदी वीतभर अंतरावर कळते. नागनाथाचे शिवलिंग तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या, उतरताना कंबर वाकवावी लागते, खाली चार माणसे बसली की पाचव्याला जागा नाही, आणि श्रावणी सोमवारी तर वर डोके, खाली पाय अशी रांग लागते. साथीत हा गाभारा बंद ठेवणे हेच बरोबर होते. देवस्थानाने आपण होऊन ठेवला असता तरी कोणी तक्रार केली नसती. पण त्या गाभाऱ्याबाहेर मोठे आवार आहे, उघडे आकाश आहे, आणि आवाराबाहेर रस्ता आहे. शासनाच्या कागदावर मात्र 'धार्मिक स्थळे' हा एकच शब्दसमूह होता. तळघरातला गाभारा, उघडे आवार, कळसाचे दुरून दर्शन आणि फाटकाबाहेरची नारळाची टपरी या सगळ्यांना तोच एक नियम. राज्यातली मंदिरे मार्च २०२० पासून दिवाळी पाडव्यापर्यंत, म्हणजे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद राहिली. दुसऱ्या वर्षी एप्रिलपासून ७ ऑक्टोबरच्या घटस्थापनेपर्यंत. दोन्ही मिळून जवळजवळ चौदा महिने, आणि त्यांत २०२० व २०२१ हे दोन्ही श्रावण गेले. ज्या गावाचा वर्षाचा गल्ला महाशिवरात्र आणि श्रावण यांवर चालतो, त्या गावात दोन श्रावण बुडणे म्हणजे काय, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मंदिरांचा प्रश्न मुंबईत पोहोचला तेव्हा त्याचे काय झाले तेही आठवावे. १२ ऑक्टोबर २०२०च्या पत्रात राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना तुम्ही 'सेक्युलर' झालात का असे विचारले, मुख्यमंत्र्यांनी तिखट उत्तर दिले आणि महिनाभर चर्चा हिंदुत्वाच्या मोजमापाची झाली. दोन्ही बाजूंच्या भाषणांत फुलवाला, प्रसादवाला, धर्मशाळेतला झाडूवाला आला असेल तर तो तोंडी लावण्यापुरता. देवळासमोरून हटवलेल्या नामदेवांसाठी देऊळ फिरले अशी आख्यायिका ज्या गावाची आहे, आणि नंदी मागच्या बाजूला राहिला हे जिथे आजही बोट दाखवून सांगतात, तिथल्या लोकांना 'तू इथे उभा राहू नकोस' या हुकुमाचा इतिहास शिकवायची गरज नव्हती.

बुडालेल्या धंद्याची भरपाई झाली का? एप्रिल २०२१ मध्ये ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात नोंदणीकृत फेरीवाल्यांना दीड हजार रुपये, परवानाधारक रिक्षावाल्यांना दीड हजार, नोंदणीकृत बांधकाम मजुरांना दीड हजार. यातले 'नोंदणीकृत' हे विशेषण महागात पडले. श्रावणात महिनाभर बेलफुले विकणारी आणि बाकीचे अकरा महिने दुसऱ्याच्या शेतात निंदायला जाणारी बाई कोणत्या वहीत नोंदलेली असते? बंदी घालताना सरकारने नोंदणी विचारली नाही. पैसे देताना विचारली.

हिंगोली जिल्ह्याने तर आपली स्वतःची टाळेबंदीही पाहिली. १ ते ७ मार्च २०२१ दरम्यान जिल्ह्यात संचारबंदी होती. शाळा, महाविद्यालये, प्रार्थनास्थळे, मंगल कार्यालये बंद, आणि बँका केवळ प्रशासकीय कामापुरत्या. मार्च महिन्यात, वर्षअखेरीच्या तोंडावर, हळदीचा पैसा हातात यायच्या दिवसांत ग्राहकासाठी बँक बंद. जिल्हाधिकाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार. रुग्ण वाढत होते. पण असा आदेश काढण्याआधी बाजार समिती, अडते, बँक आणि दोन-चार सरपंच एका टेबलाभोवती बसले असते तर बँकेचे दार गावनिहाय वार लावून उघडे ठेवता आले असते.

नियम लादणाऱ्यांच्या वाट्यालाही सुख आले नाही, हे लिहिले नाही तर ते अन्यायाचे होईल. २०२० मध्ये मालेगाव आणि मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले हिंगोलीच्या राज्य राखीव दलाचे जवानच या जिल्ह्यातल्या सुरुवातीच्या रुग्णांत मोठ्या संख्येने होते. आशाताई, तलाठी, ग्रामसेवक, नगर पंचायतीचे सफाई कामगार यांना रोज बदलणारे आदेश मोबाइलवर येत आणि त्यांनी ते तशाच बदलत्या चेहऱ्याने लोकांना सांगायचे. सकाळी दुकान उघडे ठेवायची वेळ सात ते अकरा, की सात ते दोन? लग्नाला पन्नास की पंचवीस? २०२१च्या एप्रिलमध्ये लग्न दोन तासांत, पंचवीस माणसांत, एकाच सभागृहात उरकायचे आणि मोडल्यास पन्नास हजारांचा दंड, असा नियम होता. मांडवात घड्याळ लावून बसणार कोण? अशा नियमाचा एकच परिणाम होतो. तो पाळला जातो की नाही, हे तुमची पोलीस ठाण्यात किती ओळख आहे त्यावर ठरते.

जिल्हाबंदीचेही तसेच. औंढा तालुका १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तरी मोठा दवाखाना, सोयरिक, कॉलेज यांसाठी माणूस परभणी-नांदेडकडेच वळतो. ई-पासच्या काळात या जुन्या वाटेवर अचानक सरहद्द उभी राहिली, आणि ती ओलांडायला अँड्रॉइड फोन, कागदपत्रांचे फोटो आणि नेटवर्क लागू लागले. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही तो शिवारातून पायवाटेने गेला. तो गुन्हेगार नव्हता.

कायद्याच्या पुस्तकात मात्र होता. भारतीय दंड संहितेचे कलम १८८ त्या दोन वर्षांत राज्यभर लाखाहून अधिक लोकांवर लागले. २०२२ मध्ये हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय सरकारलाच घ्यावा लागला. ज्या अपराधाला दोन वर्षांनी माफीच द्यायची, त्यासाठी दुचाकी जप्त करून, भर चौकात उठाबशा काढायला लावून काय मिळवले? कायद्यात उठाबशा ही शिक्षा नाही. दंडाची पावती, तक्रारीची जागा आणि निर्णयाची मुदत या तिन्ही गोष्टी असायला हव्या होत्या. बहुतेक चौकांत पहिलीही नव्हती.

या सगळ्याच्या मुळाशी जो साथरोग कायदा आहे तो १८९७चा. मुंबईतल्या प्लेगच्या धास्तीने ब्रिटिशांनी तो आठवडाभरात मंजूर केला. त्यात जेमतेम चार कलमे होती. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोजिरांकरवी घरे तपासली आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. टिळकांची भूमिका इथे नीट लक्षात घेण्याजोगी आहे. 'केसरी'तून त्यांनी अंमलबजावणीच्या रीतीवर कोरडे ओढले, पण रोग्याला वेगळे ठेवण्याच्या कल्पनेवर नव्हे. हिंदू प्लेग हॉस्पिटल उभारण्यात ते स्वतः पुढे होते. निर्बंध हवेत पण ते लोकांना विचारून, लोकांच्या हातून राबवावेत, हा त्यांचा आग्रह. औंढा तेव्हा निजामाच्या राज्यात, इंग्रजी कायद्याच्या कक्षेबाहेर होता. सव्वाशे वर्षांनी तो कायदा आमच्या वेशीवर आला तेव्हा देश स्वतंत्र होता आणि कायदा तोच होता.

अजूनही तोच आहे. २०२०च्या दुरुस्तीने डॉक्टर-परिचारिकांवर हल्ला करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली, ती योग्यच. पण काय बंद करायचे, कोणी, किती दिवस, कोणाला विचारून, भरपाई कशी, यावर कायदा गप्प आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात या कायद्याची चिरफाड करून साथीसाठी आगाऊ योजना आणि ठरलेली कार्यपद्धती असावी अशी शिफारस केली. त्याच वर्षी १ जुलैला दंड संहिता जाऊन न्याय संहिता आली, १८८ चे २२३ झाले, फौजदारी प्रक्रिया संहिताही बदलून जमावबंदीच्या १४४ चे १६३ झाले. आकडे बदलले. शिफारशी अहवालातच राहिल्या.

आमची मागणी मोठी नाही. पुढच्या वेळी यादी बंदीची असावी, परवानगीची नव्हे. बंद करायचे त्याचे नाव घ्या, कारण लिहा, मुदत लिहा; ज्याचे नाव नाही ते चालू. उघड्यावरचे आधी उघडावे, बंदिस्त नंतर. ज्याचा रोजगार आदेशाने थांबला त्याची ओळख ग्रामसभेने किंवा नगर पंचायतीने पटवावी, नोंदणीच्या कागदावर अडवू नये. आणि आदेश मराठीत, चावडीवर चिकटवून, निदान आठवडाभर न बदलता.

यातले बरेचसे दिल्लीची वाट न पाहता करता येते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ३१ नुसार प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती योजना असते आणि तिचा दरवर्षी आढावा घ्यावा लागतो. पूर, वीज, दुष्काळ यांची पाने त्यात असतातच. हिंगोलीच्या पुढच्या आढाव्यात एक पान साथीचे जोडावे. औंढ्याचा आठवडी बाजार हलवायची वेळ आली तर कोणत्या मोकळ्या मैदानावर, किती अंतराने. गाभारा बंद असताना आवारात एका वेळी किती माणसे. श्रावणात बेलफुलांच्या पाट्या रस्त्याच्या कोणत्या कडेला. हळद शिजवणाऱ्या टोळ्यांना पास कोण देणार. बँकेत कोणत्या गावाचा कोणता वार. हे लिहायला देवस्थानचे विश्वस्त, नगर पंचायत, बाजार समिती, तहसीलदार आणि तालुका आरोग्य अधिकारी यांची एक दुपार पुरेल. बैठकीला बेल विकणाऱ्या दोन बायांनाही बोलवावे. श्रावणी सोमवारी रांग कुठे तुंबते हे त्यांच्याइतके नेमके इतर कोणालाच माहीत नाही.