अनेकांत म्हणजे ‘सर्वच बरोबर’ नव्हे

‘मांस न खाणे ही तुमची रीत, खाणे ही आमची रीत, यात चूक कोण आणि बरोबर कोण?’ महाविद्यालयात, कचेरीत किंवा परगावच्या बाजारपेठेत जैन तरुणांना हा प्रश्न हमखास ऐकावा लागतो. ‘ज्याचा त्याचा धर्म’ असे उत्तर देऊन बहुतेक जण विषय संपवितात. वाद मिटतो, स्नेह टिकतो. परंतु या सौजन्यात एक मोठी गोष्ट नकळत हातची जाते. ज्या जीवासंबंधी बोलणे चालले होते, तो जीवच संभाषणातून नाहीसा होतो. उरतात त्या केवळ दोन माणसांच्या दोन रीती.

नीतिशास्त्रात या भूमिकेस नैतिक सापेक्षतावाद म्हणतात. बरे-वाईट हे त्या त्या समाजाच्या रूढीवर अवलंबून असते, रूढीबाहेर त्याला निकष नाही, असा तिचा आशय. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इराणच्या दरायस राजाची एक कथा सांगितली आहे. राजाने ग्रीकांना विचारले, मृत पित्याचे मांस खाण्यास तुम्ही किती द्रव्य घ्याल? ते म्हणाले, कितीही दिले तरी नाही. मग तसे करणाऱ्या एका भारतीय जमातीस त्याने विचारले, पित्याचे प्रेत जाळण्यास काय घ्याल? ते लोक त्या नुसत्या कल्पनेनेच व्यथित झाले. सापेक्षतावादाच्या चर्चेत हे उदाहरण आजही दिले जाते. त्यातील बोध खोटा नाही. आपली रीत तीच जगाची रीत, हा अहंकार त्याने उतरतो. परंतु नीट पाहिले तर दोन्ही समाजांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे पित्याचा सन्मान. भेद होता तो सन्मान व्यक्त करण्याच्या पद्धतीत.

अनेक जैन कुटुंबांना सापेक्षतावाद जवळचा वाटतो, कारण तो अनेकांतवादासारखा दिसतो. वस्तूला अनंत धर्म आहेत आणि कोणतेही एक विधान तिचे एकाच बाजूने दर्शन घडविते, ही अनेकांताची शिकवण. पण हत्ती आणि आंधळ्यांच्या दृष्टांतात आंधळे अनेक असले तरी हत्ती एकच आहे, हे विसरले जाते. प्रत्येकाचा हत्ती वेगळा, असे तो दृष्टांत सांगत नाही. प्रत्येकाचे ज्ञान अपुरे, एवढेच सांगतो. व्यापाऱ्याच्या भाषेत बोलायचे तर तेच सोने एक जण तोळ्यात मोजील, दुसरा ग्रॅममध्ये. आकडे निराळे येतील, सोने तेवढेच राहील. जैन न्यायशास्त्रात एका दृष्टिकोनास नय म्हणतात, आणि इतर सर्व नयांना नाकारणाऱ्या नयास दुर्नय. चुकीच्या मताला चूक म्हणण्याची सोय ज्या दर्शनाने स्वतःच करून ठेवली आहे, त्याला ‘सर्वच बरोबर’ हे तत्त्व चिकटविता येणार नाही.

अहिंसेचा पाया रूढीत नाही, हे तर अधिकच स्पष्ट आहे. आचारांगसूत्रात तिचे जे कारण येते ते कुळाचे, जातीचे किंवा प्रदेशाचे नाही. जीवाला दुःख नकोसे असते, हेच ते कारण होय. अगदी वेगळ्या परंपरेतील इंग्रज विचारवंत जेरेमी बेंथम 1789 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात याच ठिकाणी पोहोचला. प्राण्याला तर्क करता येतो की नाही, बोलता येते की नाही, हे प्रश्न गौण. त्याला वेदना होतात की नाही, हा खरा प्रश्न, असे त्याने मांडले. पीटर सिंगर यांनी 1975 मध्ये हाच धागा पुढे नेला. टॉम रेगन यांनी 1983 मध्ये निराळी वाट धरली: ज्याला स्वतःचे असे जीवन आहे, त्याला केवळ साधन म्हणून वापरता येणार नाही. या तिघांना जैन आचाराची शिस्त मान्य असण्याचे कारण नाही. तरीही भिन्न वाटांनी आलेले हे प्रवासी प्राण्याच्या अनुभवापाशीच थांबतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

हा भेद केवळ ग्रंथातला नाही. न्यायालयातही तो दिसतो. पर्युषणात अहमदाबादचे कत्तलखाने नऊ दिवस बंद ठेवण्याचा महापालिकेचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये वैध ठरविला. त्यामागे मुख्य विचार होता तो बंदीचा अल्प काळ आणि जैन समाजाच्या भावनांचा आदर. निकाल समाजाला समाधान देणारा होता. पण त्याचा आधार भावना हा होता. 2015 मध्ये मुंबई आणि मीरा-भाईंदर येथील मांसविक्रीबंदीवरून वाद पेटला, तेव्हा समोरच्या बाजूनेही भावना आणि खाण्याचे स्वातंत्र्य हेच शब्द वापरले. भावनेस भावनेने उत्तर मिळाले की प्रश्न संख्याबळाचा होतो, आणि पशूला तर मतही नसते.

याउलट 2014 मध्ये जल्लिकट्टू व बैलगाडा शर्यती अवैध ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने बैलाच्या बाजूने विचार केला. 1960 चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा प्राण्याच्या हितासाठी आहे, हे त्या निकालाचे सूत्र होते. पुढे तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांनी कायद्यात दुरुस्त्या केल्या आणि 2023 मध्ये घटनापीठाने त्या मान्य केल्या. नव्या नियमांमुळे जनावरांचे क्लेश बरेच कमी होतात, आणि हा खेळ परंपरेचा भाग आहे की नाही हे विधिमंडळाने ठरवावे, असे त्यात म्हटले गेले. ‘ही आमची संस्कृती’ हा युक्तिवाद किती बळकट असतो, हे यावरून कळते. ज्यांनी पर्युषणासाठी तोच आधार घेतला, त्यांना बैलासाठी तो नाकारणे कठीण जाते.

रूढी हाच निकष मानला तर आणखी एक अडचण उभी राहते. रूढी सुधारायची कशाच्या बळावर? मिठाईवरील आणि अनेक मंदिरांत अंगरचनेसाठी वापरला जाणारा चांदीचा वर्ख पिढ्यान्पिढ्या शुद्ध मानला गेला. तो गुरांच्या आतड्यांपासून किंवा कातड्यापासून केलेल्या पानांमध्ये ठेवून कुटला जात असे, हे उघड झाल्यावर अनेक घरांनी आणि मंदिरांनी तो सोडला. वर्ख बनविताना प्राणिजन्य साहित्य वापरण्यास पुढे 2016 मध्ये अन्नसुरक्षा नियमांनीही मनाई केली. रूढीच्या मापाने पाहिले तर वर्खात दोष नव्हता. दोष दिसला तो पशूच्या बाजूने पाहिल्यावर. म्हणजे समाजाने स्वतःच्याच रूढीला तिच्यापेक्षा मोठ्या निकषावर तपासले. सापेक्षतावादाला हे कसे घडले ते सांगता येत नाही.

मग अनेकांताचे काम कोणते? तत्त्व कसे लावायचे, यासंबंधीची नम्रता. शेतकऱ्याला पिकावरची कीड आवरावी लागते, किनाऱ्यावरच्या कोळ्याचे पोट समुद्रावर चालते, रुग्णाचे औषध प्राण्यांवर तपासलेले असते. त्यांच्या बाजूने परिस्थिती समजून घेणे हे कर्तव्यच आहे. समजून घेणे म्हणजे वेदनेचे अस्तित्व नाकारणे नव्हे. आणि वेदनेचे अस्तित्व सांगणे म्हणजे शेजाऱ्याचा तिरस्कार करणेही नव्हे. तिरस्कार हीही हिंसाच आहे.

हा निकष मान्य केला की तो प्रथम घरातच लागू होतो. पूजेला आणि लग्नाला नेसावयाच्या रेशमासाठी बहुधा कोशातील जीव वाफेने वा उकळत्या पाण्यात मारला जातो. दुधाच्या धंद्यात नर वासराचे पुढे काय होते, हा प्रश्न फार थोडे ग्राहक विचारतात. या गोष्टी रूढीला मान्य आहेत. एके काळी वर्खही होता. दुसऱ्याच्या ताटाविषयी बोलण्याचा अधिकार हवा असेल, तर आपल्या कपाटाचा आणि आपल्या दुकानाचा हिशेब आधी त्याच मापाने मांडावा लागेल.