बडी नानींनी न धरलेली इद्दत

ऑगस्ट जवळ आला की आमच्या व्हॉट्सॲप गटांवर याद्या फिरू लागतात: देशासाठी जान दिलेले मुसलमान. अब्दुल हमीद यांचं नाव त्यात असतंच, असायलाच हवं. १९६५ च्या लढाईत खेमकरणजवळ पाकिस्तानी रणगाडे फोडताना ते गेले, परमवीर चक्राचे मानकरी ठरले. यंदा एका सहकारी शिक्षकाने विचारलं, "सर, तुमच्याही घरातलं कुणी युद्धात गेलं होतं ना? नाव द्या, फोटो द्या, यादीत टाकू." मी नाही म्हटलं. त्यांना वाईट वाटलं, म्हणून हे लिहितोय.

माझ्या नानीची थोरली बहीण, आमच्या बडी नानी. त्यांचे शौहर रत्नागिरीकडच्या कितीतरी कोकणी मुसलमानांसारखे बोटीवर खलाशी होते. सैनिक नव्हते. कंपनी गोऱ्यांची, माल गोऱ्यांचा आणि पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा लहानसा हिस्सा. १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी इंग्लंडच्या बंदरांत काम बंद करून पगारवाढ मागितली, कित्येकांना तुरुंगात टाकलं गेलं. हे आपल्या याद्यांमध्ये येत नाही.

१९४२ मध्ये त्यांची बोट पाणबुडीने बुडवली. घरी इंग्रजी पत्र आलं, शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवलं: बेपत्ता, बुडाले असे समजण्यात येते. 'समजण्यात येते' या शब्दांवर बडी नानींनी पुढची पन्नासेक वर्षं काढली.

आम्ही शाफई. मय्यत समोर नसली तरी गायबाना नमाज आमच्याकडे पढता येते. हनफी ती मानत नाहीत. जुम्म्यानंतर गावाने ती पढली आणि लोकांच्या लेखी विषय संपला. बडी नानी मात्र इद्दतीला बसल्या नाहीत. चार महिने दहा दिवस बसायचं ते नवरा वारल्यावर. "मय्यत कुणी बघितली?" एवढंच त्या विचारायच्या. त्यावर काय बोलायचं?

तेव्हा त्यांचं वय विशीच्या आत. नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बाईला कोर्टातून निकाह मोडून घेता येतो, असा कायदा १९३९ मध्येच झाला होता. त्यांना हे कुणी सांगितलं नाही, असं माझी आई म्हणायची. सांगितलं होतं, त्यांनीच ऐकलं नाही, असं मामू म्हणायचे. मला आईचं खरं वाटतं. तरुण बाईच्या धीराचं कौतुक करणं घराला स्वस्त पडतं.

शबे-बरातला आमच्याकडे मरहूमांची नावं घेऊन फातिहा होते. बडी नानी हयात होत्या तोवर त्यांच्या शौहरचं नाव कुणी घेतलं नाही. ती खास मनाई नव्हती, पण जीभच वळायची नाही. नाव मुद्दाम वगळलं जातंय, हे लहानपणी मलाही कळायचं. त्या १९९५ मध्ये गेल्या. पुढच्या शबे-बरातला दोन्ही नावं एकदम आली.

मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममध्ये अशा लोकांची स्मारकं आहेत. समुद्राशिवाय दुसरी कबर नाही, अशांची. पहिल्या महायुद्धातले दोन हजारांहून अधिक. दुसऱ्यातल्यांची नावं एका मोठ्या वहीत आहेत, व्यापारी जहाजांवरचेच सहा हजारांच्या आसपास. तशीच वही चितगावला. राष्ट्रकुल युद्ध कबर आयोगाच्या संकेतस्थळावर ही नावं शोधता येतात. आमचं नाव मला तिथे सापडलं. स्पेलिंग इतकं वाकडं की वडिलांच्या नावावरून ओळखावं लागलं. तुमच्या घरचं कुणी असेल तर तीन-चार स्पेलिंगं घालून बघा. 'द' चा 'ड' झालेला असतो, शेवटचा 'ह' गळलेला असतो.

मग यादीला नाही का म्हटलं? कारण ती यादी कुणाला तरी दाखवण्यासाठी आहे. आपल्याकडे बोट दाखवणाऱ्याच्या तोंडावर टाकायला. ते पैशासाठी बोटीवर गेले होते, घरी मनिऑर्डर यावी म्हणून. बुडालेल्याला हदीसने शहीद म्हटलंय, तो दर्जा अल्लाहकडचा. त्यावर दाखला म्हणून माझा शिक्का कशाला? आणि यादीत त्यांचं नाव आलं, तर बडी नानींचं कुठे येणार?

सहकाऱ्याला मी फोटो नाही असं सांगितलं होतं. तेही खरंच आहे. पत्र तेवढं आहे, घडीवर फाटलेलं. त्यांना घरी बोलावलंय, वाचायला.