नक्षी कोणाची?

आमच्याकडे लग्नात रुखवत मांडले की बघणारी बाई तोरणाला हात लावून विचारते, "नमुना कुठला?" नमुना 'कोणाचा', असे सहसा विचारले जात नाही. या एका शब्दाच्या फरकात कलेच्या मालकीचा सगळा प्रश्न दडलेला आहे.

जालना जिल्ह्यातील माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने बसवलेला क्रोशाचा नमुना एका विणकामाच्या पुस्तिकेत दुसऱ्याच नावाने छापून आला. ती माउली म्हणाली, "नक्षी का कुणाच्या बापाची असते?" थोड्या वेळाने मात्र म्हणाली, "पण माझं नाव घातलं असतं तर काय बिघडलं असतं?"

मला ही दोन्ही विधाने खरी वाटतात. साखळी, खांब, मुका खांब ही विणकामाची वर्णमाला आहे आणि वर्णमालेवर कोणाचा सातबारा नसतो. १९५७ चा प्रताधिकार कायदाही लिहिलेल्या कृतीला आणि काढलेल्या आकृतीला संरक्षण देतो, टाका घालण्याच्या रीतीला नाही. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नव्या नक्षीची नोंदणी करता येते. ते संरक्षण १० वर्षांचे असते आणि पुढे ५ वर्षे वाढवता येते. पण घरात दुपारी विणायला बसणारी बाई नोंदणी कार्यालयापर्यंत कशी पोहोचणार?

भौगोलिक मानांकनाने थोडा दिलासा दिला. पैठणीला ते २०१० साली मिळाले, कोल्हापुरी चपलेला २०१९ साली. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या. टीका झाल्यावर त्यांनी भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. मात्र मानांकनाने गावाचे नाव राखले जाते, हाताचे नाही. बांगडी मोर पैठणीचा म्हणून ओळखला जातो, तो प्रथम कोणी विणला हे कोणी विचारत नाही.

साहित्याच्या अभ्यासकांना हा पेच नवा नाही. याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या अभंगात नाममुद्रा असते, जात्यावरच्या ओवीत ती नसते. म्हणून ओवी सर्वांची झाली आणि रचणारी मात्र हरवली. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या, तेव्हा गाणारीचे नाव आणि गावही नोंदवले. गाणारी त्या ओवीची मालकीण ठरली नाही, पण अनामही राहिली नाही.

कोणी म्हणेल, प्रत्येक नमुना कुठून तरी उचललेलाच असतो, मग नाव कोणाकोणाचे घालायचे? प्रबंधातही विचार उसनेच असतात, तरी तळटीप चुकली की आपण विद्यार्थ्याला धारेवर धरतो. मूळ पुरुष शोधा असे कोणी म्हणत नाही. ज्या हातातून आपल्याला मिळाले, तो हात सांगावा, इतकेच.

नक्षीवर कोणाची मक्तेदारी नसावी, पण ऋणनिर्देश असलाच पाहिजे. तळटिपेचा जो न्याय आपण वर्गात शिकवतो, तो रुखवतापर्यंत न्यायला काय हरकत आहे? पुढच्या वेळी कोणी "नमुना कुठला?" म्हणून विचारले, तर उत्तरात एका बाईचे नाव यावे.