जनरल मोटर्स गेली, ह्युंदाई आली. तळेगावचा कामगार कुणाच्या हिशोबात होता?

तळेगाव एमआयडीसीत नवलाख उंब्रे हद्दीतल्या ज्या कारखान्यातून एकेकाळी शेव्हरोले बीट बाहेर पडायची, तिथून आता ह्युंदाईच्या गाड्या निघतात. डिसेंबर २०२० मध्ये जनरल मोटर्सची शेवटची गाडी निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ह्युंदाईने तिथे गाड्यांचे उत्पादन सुरू केले. मधली जवळजवळ पाच वर्षे गेट बंद होते. कारखाना पुन्हा सुरू झाला, ही मावळसाठी चांगलीच बातमी आहे. पण जुन्या कामगारांचं काय झालं, हा प्रश्न मागे राहिलाय. आणि उद्या दुसरी एखादी कंपनी गेली तर पुन्हा हेच होणार का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे.

कंपनी बुडाली कशी, सावरली कशी

जनरल मोटर्स ही अमेरिकेची कंपनी. सत्तरहून अधिक वर्षे जगात सर्वांत जास्त गाड्या विकणारी. १ जून २००९ रोजी तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तिथल्या सरकारने जवळपास ५० अब्ज डॉलर घालून तिला वाचवले. डिसेंबर २०१३ मध्ये सरकारने आपले शेवटचे शेअर विकले, तेव्हा सुमारे ११ अब्ज डॉलरचा फटका अमेरिकेच्या करदात्याला बसला होता.

तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. म्हणजे इकडे मावळात उद्घाटन आणि तिकडे मूळ कंपनी बुडण्याच्या काठावर. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी बोललं नाही.

२०१४ पासून मेरी बारा या कंपनीच्या प्रमुख आहेत. त्यांचे धोरण साधे होते. जगभर सगळीकडे असलंच पाहिजे असं नाही. जिथे पैसा सुटतो तिथेच थांबायचं. त्यानुसार २०१७ मध्ये युरोपातली ओपेल ही वर्षानुवर्षे तोट्यातली कंपनी फ्रान्सच्या पीएसएला विकायचे ठरले. त्याच वर्षी भारत आणि दक्षिण आफ्रिकेत विक्री बंद करण्याचा निर्णय झाला. २०२० मध्ये ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमधूनही माघार जाहीर झाली. पिकअप आणि मोठ्या एसयूव्ही विकून नफा अमेरिकेत मिळत होता. लहान गाड्यांच्या बाजारात हाताला फारसं काही लागत नव्हतं.

भारतात नेमकं काय चुकलं

कंपनीच्या गाड्या आपल्याकडे अनोळखी नव्हत्या. टवेरा तर लग्नाच्या वऱ्हाडापासून वडापपर्यंत सगळीकडे दिसायची. पण २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. प्रदूषण चाचणीसाठी मुद्दाम निवडलेली इंजिने लावली जात होती, हे कंपनीनेच सरकारला कळवले. नावाला डाग लागला.

दुसरी अडचण गाड्यांची. स्पार्क, बीट, एव्हिओ, सेल, एन्जॉय, क्रूझ, कॅप्टिव्हा अशी नावे भरपूर, पण एकाचाही खप मारुती किंवा ह्युंदाईच्या जवळ गेला नाही. सेल आणि एन्जॉय तर चिनी भागीदाराबरोबर तयार झालेल्या. खप कमी म्हणून डीलर टिकेनात, डीलर नाही म्हणून गिऱ्हाईक वळेना.

२०१५ मध्ये भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा झाली. दोनच वर्षांत, मे २०१७ मध्ये, देशातली विक्री थांबवण्याची घोषणा झाली. २०१६-१७ या वर्षात कंपनीने भारतात जेमतेम २६ हजार गाड्या विकल्या होत्या आणि सुमारे ७१ हजार निर्यात केल्या होत्या. हे आकडे नीट बघा. तळेगावची गाडी परदेशात जात होती, मेक्सिकोत विकली जात होती. तोट्याचं कारण लाईनवरच्या पोराचा हात नव्हता. खाली काम चोख चालू होतं, चुकले ते वरचे निर्णय.

सौदा अडकला, माणसं लटकली

जानेवारी २०२० मध्ये हा कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचे ठरले. पण एप्रिल २०२० मध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारी परवानगी सक्तीची केली. जूनमध्ये ग्रेट वॉलने महाराष्ट्र सरकारबरोबर ३,७७० कोटींचा करार केला आणि त्याच दिवशी गलवानची चकमक झाली. करार स्थगित झाला. परवानगी शेवटपर्यंत आली नाही आणि २०२२ च्या मध्यात सौदा मोडला.

कामगार या दोन वर्षांत मधल्या मध्ये अडकला. एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफ दिला गेला. ले-ऑफ म्हणजे नोकरीवरून काढलेले नाही, पण काम नाही, आणि कायद्याने मिळते ती मूळ पगार व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम. आपले पॅकेज कायद्यातल्या भरपाईपेक्षा जास्त आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. कामगार संघटनेला पैसे नको होते, नोकरी हवी होती. प्रकरण कोर्टात गेले, उपोषणे झाली. घराचे हप्ते, पोरांच्या फिया मात्र कोर्टाच्या तारखेसाठी थांबत नाहीत.

ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईबरोबर करार झाला. ह्युंदाईने जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्री घेतली. कामगार त्या करारात नव्हते. ह्युंदाईने बेकायदा काही केलं, असा याचा अर्थ नाही. तिने मालमत्ता विकत घेतली, चालू कंपनी नाही. कायद्यात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

साणंदला जमलं, मग इथे का नाही?

फोर्डने २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणे बंद करण्याची घोषणा केली. तिचा गुजरातमधला साणंदचा कारखाना टाटांनी ७२५ कोटी ७० लाखांना घेतला. त्या करारात जमीन, इमारती, यंत्रे यांच्याबरोबर गाडी बनवणाऱ्या विभागातले सर्व पात्र कर्मचारी टाटांकडे जातील, असे स्पष्ट लिहिले होते. सौद्याआधीच्या सामंजस्य करारात गुजरात सरकारही होते.

दोन्ही ठिकाणची परिस्थिती तंतोतंत सारखी नव्हती, हे मान्य. साणंदला कारखाना फार काळ थंड पडला नव्हता. तरी एक गोष्ट सिद्ध होते: कामगारांसकट कारखाना विकता येतो. त्यासाठी सही होण्याआधी सरकारने टेबलावर बसावं लागतं. सही झाल्यावर गेटबाहेर मंडप टाकून हाती फार काही लागत नाही.

पुढे काय बघायचं

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी कामगार संहिता लागू झाली आहे. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेला कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. आता ही मर्यादा ३०० झाली आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या लहान पुरवठादारांकडे कामाला असलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. कपात झालेल्या कामगाराला १५ दिवसांच्या पगाराइतकी रक्कम कौशल्य निधीतून देण्याची तरतूद संहितेत आहे. पण १५ दिवसांत नवा धंदा उभा राहत नाही.

ह्युंदाईची तळेगावची क्षमता २०२८ पर्यंत वर्षाला अडीच लाख गाड्यांवर न्यायची आहे. म्हणजे भरती अजून व्हायची आहे. जुन्या कामगारांना त्यात वयाची अट शिथिल करून संधी द्या, ही मागणी लोकप्रतिनिधींनी आत्ताच लावून धरायला हवी. आणि एमआयडीसीने यापुढे मोठ्या प्रकल्पाला जमीन व सवलती देताना एक कलम घालावं: कारखाना विकायचा असेल तर कामगारांचं काय, हे आधी ठरवा, मगच जमिनीच्या हस्तांतराला मंजुरी.

कंपनी कुठलीही असो, ती नफ्याच्या हिशोबाने येते आणि त्याच हिशोबाने जाते. त्यात गैर काही नाही. पण जमीन आपली, सवलत आपल्या कराची आणि पोरंही आपलीच आहेत. तेव्हा जाण्याच्या अटी येतानाच लिहून घेणं, एवढं तरी आपल्या हातात आहे.